आपली माहिती कोणाकडे, कशाला, कधीपर्यंत? प्रायव्हसीची स्वतःची व्याख्या लिहून काढायची पद्धत

मागे एकदा मी माझ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आईने विचारलं होतं, आणि तिला वेगळा पाठवण्यापेक्षा ग्रुपवर टाकला की सगळ्यांना एकदमच कळेल, असा आळशी हिशोब. संध्याकाळपर्यंत तो काकूच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पोचला, तिथून अजून कुठेतरी, आणि दोन दिवसांनी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "काय रे, शुगर वाढली म्हणे?" आता यात वाईट कोणीच वागलं नव्हतं, काकूने तर काळजीपोटीच पाठवला. आणि गुपित फुटलं असंही म्हणता येईना, कारण मीच ते सहा जणांना सांगितलं होतं. बोचलं ते एवढंच की आईसाठी सांगितलेली गोष्ट लिफ्टमध्ये आली कशी.

तेव्हापासून प्रायव्हसी या शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. खाली जे लिहितोय ते मी स्वतः करून बघितलेलं आहे, एका रविवारी सुरू केलं आणि तीन-चार रविवार लागले. तुम्हाला कदाचित कमी लागतील.

पायरी १: आधी व्याख्या, सेटिंग नंतर

बहुतेक जण हे उलटं करतात. डेटा चोरीची एखादी बातमी येते, माणूस घाबरून रात्री अकराला फोन उघडतो, दिसेल ते बटण बंद करतो, आणि दोन दिवसांनी नकाशा चालेना म्हणून सगळं परत चालू करतो. कारण नक्की काय राखायचंय हेच ठरलेलं नसतं.

हा घोळ जुनाच आहे. १८९० मध्ये अमेरिकेत सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला, त्यात प्रायव्हसी म्हणजे माणसाला एकटं सोडलं जाण्याचा हक्क अशी मांडणी होती. त्या काळात हातात मावणारे कॅमेरे नुकतेच आले होते, कोडॅकचा १८८८ सालचा, आणि पेपरवाले लोकांच्या घरात डोकावायला लागले होते, त्यामुळे ती व्याख्या तेव्हा बरोबर बसली. पण आज आपल्याला एकटं राहायचंच नाहीये ना, आपल्याला बँक हवी, डॉक्टर हवा, मित्र हवेत आणि नकाशा पण हवा. मग १९६७ मध्ये ॲलन वेस्टिनने म्हटलं की आपली माहिती दुसऱ्यापर्यंत कधी, कशी आणि किती जावी हे आपलं आपण ठरवणं म्हणजे प्रायव्हसी. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेवरून खटला झाला, तिथल्या घटना न्यायालयाने यालाच माहितीबाबतचा स्वनिर्णयाचा हक्क म्हटलं, आणि कारण फार पटण्यासारखं दिलं: आपल्याबद्दल कोणाला काय माहीत आहे हेच ज्याला कळत नाही तो माणूस हळूहळू स्वतःच जपून वागायला लागतो, सभेला जायचं टाळतो, वेगळं काही करायचं टाळतो.

माझ्या लिफ्टच्या प्रसंगाला मात्र सगळ्यात चांगलं उत्तर हेलन निसेनबॉम या अभ्यासक बाईंच्या मांडणीत मिळालं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक माहितीला तिचा एक संदर्भ असतो. पेशंटने डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला उपचारासाठी सांगतो तेव्हा कोणाला खटकत नाही, तेच नोकरी देणाऱ्याला कळलं की खटकतं. माहिती तीच असते, वाट चुकलेली असते. म्हणून "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही" हे वाक्य मला आता पटत नाही. माझ्याकडेही नव्हतं की काही लपवण्यासारखं.

पायरी २: एक कागद, चार रकाने

खरंच कागद घ्या, फोनमधल्या नोट्समध्ये नको. एक तर ती यादी स्वतःच एक नाजूक माहिती होऊन बसते, आणि दुसरं म्हणजे कागद शेवटी फाडता येतो. चार रकाने आखा: काय, कोणाकडे, कशासाठी, कधीपर्यंत.

यादी आठवणीतून करायला जाल तर दहा-पंधराच्या पुढे सरकणार नाही. त्यापेक्षा हे करा: आधी फोनमधल्या ॲप्सची यादी वरपासून खालपर्यंत बघा, मग ब्राउझरने सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड उघडा, आणि मग मेलमध्ये "वेलकम", "व्हेरिफाय", "पासवर्ड रीसेट" असे शब्द शोधा, अर्थात मेल इंग्रजीत येत असतील तर शब्दही इंग्रजीतच टाकून. मला तिथे एकशे चाळीसच्या वर खाती सापडली, त्यातली निम्मी मी कधी उघडली हेही आठवेना. एक तर एका फोटो एडिटिंगच्या साइटचं होतं, एकदाच वापरलेलं, आणि तिच्याकडे माझ्या लहानपणीच्या अल्बमचे स्कॅन अजून पडून होते.

एक ओळ कशी भरायची ते जवळून बघू. समजा जन्मतारीख. "काय" मध्ये जन्मतारीख लिहिली. "कोणाकडे" मध्ये लिहायला बसलो तर बँक, दवाखाना, विमा, ऑफिस, दोन सोशल मीडिया, एक गेम, एक बूटवाला, एक जिम आणि गाणी ऐकायचं ॲप. "कशासाठी" ला बँकेपुढे ओळख पटवण्यासाठी लिहिलं, दवाखान्यापुढे उपचारासाठी, ऑफिसपुढे निवृत्तीच्या हिशोबासाठी. बूटवाल्यापुढे पेन तसंच थांबलं. वाढदिवसाला सवलतीचा मेसेज येतो बहुतेक, अजून काय. आणि "कधीपर्यंत" हा रकाना तर जवळपास सगळीकडे रिकामाच राहिला, कारण ते कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

पेन जिथे थांबतं ना, तिथे एक छोटा गोल करून ठेवा. पुढचं सगळं काम त्या गोलांवरच करायचंय.

आणि जन्मतारखेने काय होतंय असं वाटत असेल तर लटान्या स्वीनी या संशोधक बाईंचं काम बघा. त्यांनी २००० साली अमेरिकेतल्या जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवलं की पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवर तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतात. त्याआधी त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचे, विल्यम वेल्ड यांचे, दवाखान्याचे कागद "नाव काढून टाकलेल्या" यादीतून आणि मतदारयादीतून जुळवून शोधून काढले होते. त्यामुळे कोणी "आम्ही तुमचं नाव ठेवत नाही" म्हणालं तर मी तेवढ्यावर मान डोलावत नाही.

पायरी ३: माहिती आली कुठून ते बघा

आता त्याच कागदावर प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका. मी चार प्रकार करतो.

"द" म्हणजे मी स्वतः दिलेली: फॉर्म भरला, फोटो टाकला वगैरे. यात फार सांगण्यासारखं नाही.

"ट" म्हणजे परस्पर टिपलेली. मी कुठे गेलो, कुठल्या पानावर किती वेळ थांबलो, रात्री किती वाजता फोन हातात घेतला. ही आपण दिलीय असं वाटतच नाही, पण ढीग हिचाच मोठा असतो. २०१३ मध्ये एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांची जागांची नोंद तपासली होती, त्यात कुठलीही चार ठिकाणं आणि वेळा कळल्या तर ९५ टक्के लोक त्या गर्दीतून वेगळे काढता येत होते. चार म्हणजे काय, घर, ऑफिस, मुलाची शाळा आणि शनिवारची एक चक्कर. शिवाय आपल्याला जे किरकोळ वाटतं ते एकत्र केलं की काहीतरी वेगळंच दिसतं, स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने २०१७ च्या शेवटी जगभरातल्या धावणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा हौसेने प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात चमकणाऱ्या रेषा म्हणजे लष्करी तळांवर जॉगिंग करणारे सैनिक आहेत.

"अं" म्हणजे अंदाजाने काढलेली. तुम्ही सांगितलं नाही, कोणी टिपलंही नाही, पण बाकीच्या गोष्टींवरून ताडलं. नोकरी बदलायच्या बेतात आहात, कर्ज हवंय, घरी बाळ येणारंय. या प्रकाराची गंमत अशी की अंदाज चुकीचा असला तरी तो तुमच्या नावावरच बसतो. जाहिरातींच्या सेटिंगमध्ये गेलात की कंपनीने तुमच्या कुठल्या आवडीनिवडी धरल्या आहेत याची यादी बऱ्याच ठिकाणी दिसते, एकदा वाचाच, माझ्या यादीत घोडेस्वारी होती.

आणि "दु" म्हणजे दुसऱ्यांनी दिलेली. इथे आपलं काही चालत नाही असं वाटतं आणि बरंचसं ते खरंच आहे. फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हा कळलं की प्रश्नमंजुषेचं ते ॲप घेतलं होतं साधारण २ लाख ७० हजार लोकांनी, आणि माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत, कारण मित्रांची माहिती पण सोबत ओढली जात होती. २०२३ मध्ये डीएनए तपासणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीत तसंच झालं, चोरांनी थेट उघडली सुमारे १४ हजार खाती, पण "तुमचे नातेवाईक शोधा" या सोयीतून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. म्हणजे दूरच्या भावाने पासवर्ड आळसाने निवडला आणि भोगलं कोणी तर तिसऱ्यानेच.

पायरी ४: कोणापासून?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग सगळ्यांपासून सगळं वाचवायच्या नादात दमून जातात. घरातला डोकावणारा माणूस, ऑफिस, ओटीपी मागणारा चोर, जाहिरात कंपनी, सरकार, सोडून गेलेला जोडीदार, हे सगळे वेगवेगळे आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. फोनला कडक लॉक लावलंत तर घरातला थांबेल, जाहिरात कंपनीला त्याने काहीच फरक पडत नाही. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी घरच्यांपासून हिस्टरी लपवते, पण इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आणि ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसताच, हे अजूनही अनेकांना माहीत नसतं.

कागदाच्या मागे तीन नावं लिहा, तीनच. ज्यांना आपली एखादी गोष्ट कळली तर आपलं खरोखर नुकसान होईल असे तीन. माझे पहिले दोन चोर आणि जाहिरातवाले. तिसऱ्या जागी ऑफिस लिहिलं, लिफ्टनंतर. ज्यांच्या बाबतीत पहिलं नाव घरातल्याच त्रास देणाऱ्या माणसाचं असेल त्यांनी मात्र पुढच्या पायऱ्या आहेत तशा करू नका. एकदम सगळे पासवर्ड बदलले की त्या माणसाला लगेच कळतं आणि तो चिडतो, आधी विश्वासातल्या माणसाशी किंवा अशा कामातल्या संस्थेशी त्याच्या हाताला न लागणाऱ्या फोनवरून बोला.

पायरी ५: आता लिहा आपली व्याख्या

कागद उलटा करा आणि साध्या बोलीत लिहा. कायद्याची भाषा नको. माझी मी इथे देतो, अशी लिहायची याचा अंदाज यावा म्हणून, नक्कल करू नका कारण तुमच्या रेषा वेगळ्या असणार.

"तब्येत: आई, ताई, डॉक्टर. ग्रुपवर नाही. कागद पाठवायचा तर एका माणसाला आणि पुढे पाठवू नकोस असं तोंडाने सांगून.

पगार: बायको आणि कराचं काम बघणारा.

आत्ता कुठे आहे: घरातले दोघं, ते पण प्रवासात असतानाच.

मुलाचा चेहरा: घरच्यांत हवा तेवढा. उघड्यावर नाही. कळता झाला की त्याचं तो ठरवेल.

मी काय शोधतो: माणसांपैकी कोणालाच नाही, मशिनला तीन महिने.

राजकारणावरची मतं: उघड. विचारा, सांगतो."

शेवटची ओळ मुद्दाम ठेवली आहे. बायको म्हणाली हे कशाला लिहिलंस, पण जे उघडं ठेवायचं तेही आपण ठरवूनच ठेवलंय हे दिसलं पाहिजे, नाहीतर ती नुसती लपवायच्या गोष्टींची यादी होते. आणि तिच्या याद्या वेगळ्या निघाल्या, तिला पगार मैत्रिणीला सांगण्यात काही वाटत नाही, पण तिचा फोटो न विचारता कोणी टाकला की तिचं डोकं फिरतं. एका घरात दोन व्याख्या. चालतं.

एक वेगळी खूण मात्र करून ठेवा: जे बदलता येत नाही ते. पासवर्ड गेला तर नवा घेता येतो, नंबर बदलता येतो, पण बोटाचे ठसे, चेहरा आणि डीएनए नवे मिळत नाहीत. त्यामुळे "तुमचा चेहरा म्हातारपणी कसा दिसेल" छापाच्या गमतीच्या ॲपला मी हात लावत नाही. फोनचं स्वतःचं फेस लॉक वेगळं, तिथे तो नमुना साधारणपणे फोनच्याच सुरक्षित भागात राहतो, बाहेर जात नाही.

पायरी ६: दारं लावा, पण या क्रमाने

सगळ्यात आधी मेल. बँकेपेक्षाही आधी, कारण बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड रीसेट मेलवरच येतात, मेल ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळं घर. लांब, दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, आणि शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने लॉगिन) वापरा. मग रिकव्हरी नंबर बघा. हा लोक हमखास विसरतात, तिथे सहा वर्षांपूर्वीचा बंद केलेला नंबर पडलेला असतो, आणि बंद नंबर काही काळाने कंपन्या दुसऱ्याला देतात. शेवटी मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा, आपले मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीयेत ना, ज्याने एकदा खात्यात शिरकाव केलाय तो पासवर्ड बदलल्यावरही वाचत राहायला हीच युक्ती वापरतो.

पासवर्ड दर महिन्याला बदलायची गरज नाही, उगाच बदलायला लावलं की लोक शेवटी एक आकडा वाढवतात, बस. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ पासून तेच सांगितलं आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा मात्र हवाच, आणि एकशे चाळीस पासवर्ड डोक्यात राहत नाहीत त्यामुळे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप, घ्या. आपला मेल आधीच्या चोऱ्यांमध्ये आला होता का हे हॅव आय बीन पोन्ड या साइटवर फुकट बघता येतं, ट्रॉय हंट नावाच्या माणसाने २०१३ मध्ये ती सुरू केली.

मग फोन. परवानग्यांच्या यादीत जा आणि ॲपनुसार न बघता परवानगीनुसार बघा: माइक कोणाकोणाला, जागा कोणाकोणाला, कॉन्टॅक्ट कोणाकोणाला. असं बघितलं की चमत्कारिक पाहुणे लगेच दिसतात. जागेला "ॲप वापरताना फक्त" ठेवा, आणि हवामानाच्या ॲपला तर नेमकी जागा द्यायचीच नाही, अंदाजे दिली तरी पाऊस तोच पडतो. आयफोनवर ट्रॅकिंगमध्ये जाऊन ॲप्सना परवानगी मागूच देऊ नका, अँड्रॉइडवर जाहिरातींच्या भागात ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले तुमचा फोन ज्याने ओळखतात तो क्रमांक) डिलीट करायची सोय आहे. गूगलच्या ॲक्टिव्हिटीला तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांनी आपोआप पुसण्याचा पर्याय आहे, माझ्या व्याख्येत "मशिनला तीन महिने" जे आलं ते तिथूनच.

व्हॉट्सॲपमध्ये तीन गोष्टी. लिंक्ड डिव्हाइसेस उघडा, ऑफिसचा जुना कॉम्प्युटर अजून जोडलेला असू शकतो. बॅकअपला एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता न येणारं कुलूप) लावा, मेसेज वाटेत एन्क्रिप्टेड असले तरी क्लाउडवरचा बॅकअप तुम्ही ती सोय चालू केल्याशिवाय तसा असतोच असं नाही, पण तिचा पासवर्ड हरवला तर बॅकअप गेलाच समजा. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवताना जरा थांबा, कारण फोटोच्या पोटात काढल्याची वेळ आणि बऱ्याचदा जीपीएसची जागा असते, साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून मात्र जशीच्या तशी पोचते.

आता ते पेन थांबलेले गोल. ॲप काढून टाकलं म्हणजे खातं बंद झालं असं नसतं, खातं त्यांच्याकडे तसंच राहतं, आत जाऊन "डिलीट अकाउंट" शोधावं लागतं आणि ते बऱ्याचदा खोल पुरलेलं असतं. आधी आपला डेटा डाउनलोड करून घ्या मग डिलीट करा. डीॲक्टिव्हेट हा शब्द दिसला तर फसू नका, ती नुसती झोप आहे.

पायरी ७: पुढचं दार उघडण्याआधी

नवीन फॉर्म आला की तांबडी चांदणी असेल तेवढंच भरायचं. आणि समोर माणूस बसला असेल तर विचारायचं "हे कशाला लागतं?" आवाज चढवून नाही, सहज. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा उत्तर येतं "नाही दिलं तरी चालेल". ओळखपत्राची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा, "फक्त अमुक कामासाठी, अमुक तारीख", सही करा, आणि जो आकडा लागत नाही तो झाका. खरेदी-बिरेदीसाठी वेगळा मेल ठेवा. एवढं पुरे.

पायरी ८: दिलेलं परत मागा

हे फार कमी लोक करतात आणि मला यात सगळ्यात जास्त मजा आली. युरोपियन युनियनचा जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यात आपल्याबद्दल काय ठेवलंय ते विचारायचा, चुकीचं दुरुस्त करायचा, बऱ्याच बाबतीत पुसायला लावायचा हक्क आहे आणि कंपनीने साधारण एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं. कॅलिफोर्नियात २०२० पासून ४५ दिवसांची मुदत आहे, ब्राझीलचा कायदा २०२० पासून लागू, भारताने २०२३ मध्ये केला. आपल्याला कुठला लागू होतो ते बघा, पण पत्र लिहायला कायदा पाठ असावा लागत नाही. मी हे पाठवतो:

"नमस्कार. या ईमेल पत्त्यावर माझं आपल्याकडे खातं आहे. कृपया कळवावे: १) माझी कोणकोणती माहिती आपल्याकडे आहे, तिची प्रत. २) ती कुठून मिळाली. ३) कशासाठी वापरता. ४) कोणाला दिली आहे, त्यांची नावे. ५) किती काळ ठेवणार. उत्तर आल्यावर काय पुसायचे ते मी कळवीन. ओळख पटवण्यासाठी याच ईमेलवर कोड पाठवावा."

बघा, यातले पाच प्रश्न म्हणजे आपल्याच कागदावरचे चार रकाने आणि पायरी ३ मधलं अक्षर आहे. शेवटची ओळ महत्त्वाची, नाहीतर माहिती पुसायला सांगितली म्हणून ते तुमच्याकडे ओळखपत्राचा फोटो मागतात, म्हणजे अजून एक माहिती त्यांच्या पदरात. साइटच्या तळाशी प्रायव्हसी पॉलिसी असते, तिच्यात संपर्काचा मेल असतो, त्यावर पाठवा, तारीख लिहून ठेवा, महिना उलटला की तोच मेल "स्मरणपत्र" म्हणून पुन्हा. सगळंच पुसलं जात नाही, बिलं आणि कराची कागदपत्रं त्यांना कायद्याने ठेवावीच लागतात, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. मी अकरा ठिकाणी पाठवलं, सात जणांनी नीट उत्तर दिलं, एकाने तर मला सवलतीचं कूपन पाठवलं.

पायरी ९: आपल्या हातातली दुसऱ्यांची माहिती

आता कागद तिसऱ्याच्या नजरेने बघा. एखाद्या ॲपला आपण कॉन्टॅक्ट्सची परवानगी देतो तेव्हा चारशे लोकांचे नंबर देतो, त्यातल्या एकालाही विचारलेलं नसतं. नव्या आयफोनमध्ये निवडक कॉन्टॅक्टच देता येतात, ते वापरा, नाहीतर सरळ नकार द्या, बहुतेक ॲप्स तरीही चालतात.

आणि दुसऱ्याला सांगायचं कसं हा खरा अवघड भाग. मोठं भाषण केलं की समोरचा बिथरतो. मित्राने सहलीचा फोटो टाकला तेव्हा मी एवढंच लिहिलं, "भारी आलाय रे फोटो! फक्त डावीकडे माझा मुलगा आहे, शर्टावर शाळेचं नाव वाचता येतंय, तेवढं कापून टाकतोस का?" दहा मिनिटांत बदलला. काकूशी मात्र प्रत्यक्षच बोललो. म्हटलं काकू, तू काळजीने पाठवलास ते मला कळलं, पण पुढच्या वेळी मला एक फोन कर आधी. ती म्हणाली, "अरे, मला वाटलं ग्रुपवर टाकलंस म्हणजे सांगायला हरकत नाही." आणि तिचं चुकलं नव्हतंच, मी कधी रेषा आखलीच नव्हती तर तिला दिसणार कुठून.

पायरी १०: शेवटचा "कधीपर्यंत"

चौथ्या रकान्याचं एक टोक आपण सगळेच टाळतो. आपण गेल्यावर या सगळ्याचं काय? गूगलमध्ये इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं, त्यांना नक्की काय काय द्यायचं आणि नंतर खातं पुसायचं का, हे आधी ठरवून ठेवता येतं. ॲपल आणि फेसबुकवर लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे आपल्यामागे खातं बघणारा माणूस, नेमता येतो. वीस मिनिटांचं काम आहे, पण मी ते तीन रविवार पुढे ढकललं.

शेवटी ताईला फोन केला. म्हटलं तुझं नाव टाकतोय, सहा महिने मी कुठे दिसलो नाही तर तुला मेल येईल. ती आधी चिडली, हे काय अभद्र बोलतोस म्हणाली. मग विचारलं, "मला काय काय दिसणार त्यात?" मी यादी वाचून दाखवली, फोटो सगळे, कॉन्टॅक्ट, घराच्या कागदांचं फोल्डर. मेल आणि शोधलेल्या गोष्टी नाहीत.

"का, मेलमध्ये असं काय आहे?"

"काही नाही गं. पण ते नाही द्यायचं."

"बरं," म्हणाली, आणि मग म्हणाली थांब, तिचं कसं करायचं तेही आत्ताच सांग, आणि लॅपटॉप आणायला गेली.